माझ्या ब्लॉगवरचं चोवीस तास पाणी

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते. सोलापुरात चोवीस तास पाणी आणण्याचं आश्वासन मी कुणालाही, कधीही दिलेलं नव्हतं. आमच्या गल्लीत अजून काही माणसं मला बघून गालातल्या गालात हसतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय. मी फक्त एक लिंक टाकली होती.

लिंक टाकली माझ्या ब्लॉगवर. ब्लॉगचं नाव ‘आज पाणी’. नावात कल्पकता नाही हे मला मान्य आहे, पण सोलापूरकर माणूस पाण्याच्या बाबतीत कल्पकता खपवून घेत नाही. त्याला एवढंच हवं असतं की नळाला पाणी कधी येणार ते कुणीतरी खरं सांगावं. पाणी काही रोज येत नाही, आणि येतं त्या दिवशीही पहाटे येईल की भर दुपारी, ते ज्याचं त्याचं नशीब. पूर्वी हा निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायचा. पण ‘पाणी आलं’ हे वाक्य गुलाबाच्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या केकखाली गाडलं जायचं, आणि ते उकरून काढेपर्यंत नळ कोरडा झालेला असायचा. शेवटी केकच्या फोटोंवरून कडाक्याचं भांडण झालं, ग्रुप फुटला आणि मी ब्लॉग काढला. आमच्या भागातल्या सगळ्या वस्त्यांची वेळ रोज एका ओळीत, बास.

बातमी देतात कोंडीबा. कोंडीबा आमचे चावीवाले, म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात लांब चावी घालून व्हॉल्व्ह फिरवतात आणि वस्तीवस्तीला पाणी सोडतात ते. त्यांचा फोन येतो, “ताई, तुमच्याकडं उद्या पहाटं सोडतोय बरं का,” की मी लगेच टाइप करते. पतपेढीत मी क्लार्क आहे, पण तिथले खातेदारसुद्धा मला ‘पाणीवाल्या बाई’ म्हणूनच ओळखतात. रिक्षावाला सुट्टे परत देता देता विचारतो, “ताई, आमच्याकडं कधी?” फोनवर ‘सोलापूर पाणी’ असं शोधलं की सगळ्यात वर माझा ब्लॉग यायचा. तो येतोय की नाही हे मी अधूनमधून तपासायची. अधूनमधून म्हणजे जेवायच्या सुट्टीत, चहाच्या सुट्टीत, आणि साहेब जागेवर नसले की.

घरात मात्र या सगळ्याला काडीची किंमत नाही. आमचे हे, मल्लेश, फ्लेक्स छापायचं दुकान चालवतात. गावातला प्रत्येक वाढदिवस त्यांच्या हातून जातो. ते माझ्या ब्लॉगला ‘तुझा उद्योग’ म्हणतात, आणि उद्योग हा शब्द ते ज्या सुरात म्हणतात त्यात कौतुकाचा अंश नसतो. सासूबाई गौरम्मा अक्कलकोटच्या बाजूच्या, त्यांचा ब्लॉगवर विश्वासच नाही. नळात हवा खुळखुळली की त्या झोपेतूनही ओरडतात, “नीर बंतु!” म्हणजे पाणी आलं, आणि आम्ही सगळे बादल्या घेऊन पळतो.

तर अशा घरात एके दिवशी मला एका कंपनीची इंग्रजी मेल आली. ‘तुमच्या अधिकारवाणीच्या ब्लॉगचे आम्ही चाहते आहोत.’ अधिकारवाणी! लग्नानंतर या घरात हा शब्द माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला जात होता. मी ती मेल मोठ्याने वाचून दाखवली. मल्लेश म्हणाले, “छान.” मी पुन्हा वाचून दाखवली. ते म्हणाले, “ऐकलं की गं.”

मधे लालबी आपांची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण सगळा घोटाळा त्यांच्या दारात जाऊन फुटला. आपा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांच्या मुलीचं, आयतचं लग्न रविवारी ठरलं होतं, गल्लीतच मांडव घालून. दालचा-खाण्याचा बेत, म्हणजे डाळ-मटणाचा दालचा आणि ‘खाना’ म्हणजे भात, मंद्रूपहून वऱ्हाड येणार, मोठमोठे देग चुलाणावर चढणार. आमच्या गल्लीची पाण्याची पाळी नेमकी लग्नानंतर येत होती, म्हणून आपांनी कितीतरी आधी टँकर सांगून ठेवला होता. लग्नसराईत सोलापुरात नवरदेव एक वेळ मिळेल, टँकर मिळत नाही. तरी आपांना घोर होताच. मी त्यांना म्हटलं होतं, “आपा, पाण्याची काळजी करू नका. मी आहे ना.” त्यांनी माझा हात दाबला होता आणि म्हणाल्या होत्या, “तू है करके तो बिनघोर हूँ मैं.”

आता कंपनीचा माणूस. त्याचं नाव ताबीश. कुठल्यातरी लांबच्या शहरातून बोलायचा, आवाज गोड, प्रत्येक वाक्याला ‘मॅडम’. त्याची कंपनी ‘निर्झरा’ नावाचे पाण्याचे फिल्टर विकते. त्याने मला समजावून सांगितलं की माणसं फोनवर काही शोधतात तेव्हा कुणाला वर दाखवायचं हे ठरवताना शोधून देणारं यंत्र बघतं की चांगले चांगले लोक कुणाचं नाव घेतात. माझ्यासारख्या प्रतिष्ठित बाईच्या ब्लॉगवर निर्झराची लिंक दिसली की यंत्राला वाटणार, निर्झरा चांगलीच असणार. असे बरेच ब्लॉग जमवले की कंपनी आपोआप वर सरकते.

“आणि पैसे कशाचे?” मी विचारलं.

“लिंकचे, मॅडम. फक्त जाहिरात आहे असं लिहायचं नाही. तुमच्या मनातलं वाटलं पाहिजे.”

“पण माझ्या मनात तर निर्झरा नाहीच.”

“वाक्य आम्ही पाठवतो, मॅडम.”

रात्रीच्या जेवणाला मी हे घरात मांडलं. मल्लेश भाकरी कुस्करत म्हणाले, “आयतचं स्थळ आलं तेव्हा आपांनी तुलाच चौकशी करायला सांगितलं होतं ना? तू तुमच्या पतपेढीतल्या त्या मंद्रूपच्या माणसाला विचारलंस. त्याने मुलाकडच्यांकडून पैसे घेऊन तुला ‘मुलगा चांगला आहे’ असं सांगितलं असतं तर?”

“मुलगा चांगलाच आहे!”

“असेल. पण तुला कळलं कसं?”

मला भयंकर राग आला. म्हटलं, “आणि तुमच्या फ्लेक्सवर ते शुभेच्छुकांचे फोटो असतात, ते काय प्रेमापोटी येतात? तेही पैसे मोजूनच येतात ना?”

“येतात की. पण ज्याचा फोटो त्याचे पैसे, हे सगळ्या गावाला माहीत असतं. तुझ्या ब्लॉगवर कुणाला माहीत असणार आहे?”

नवऱ्याचं म्हणणं पटलं की बाईने काय करावं याबद्दल आमच्या शाळेत काही शिकवलं नव्हतं. मला ते पटलं होतं, आणि म्हणूनच मी ताटावरून उठल्या उठल्या ताबीशला होकार कळवून टाकला.

त्याने पाठवलेलं वाक्य मी रोजच्या ओळीला जोडलं. ते असं दिसलं: ‘उद्या पहाटे आपल्या गल्लीत व पुढच्या कॉलनीत पाणी येईल. तसेच निर्झरामुळे आता आपल्या घरी चोवीस तास शुद्ध पाणी मिळणे सहज शक्य झाले आहे.’ निर्झरा हा शब्द निळा. त्यावर बोट ठेवलं की कंपनीचं पान उघडायचं, आणि त्या पानावर मोठ्या अक्षरात, तेही मराठीत: ‘शुद्ध पाणी, थेट तुमच्या दारात! आत्ताच फोन करा.’

दुसऱ्या दिवशी ताबीशचा फोन. आनंदाने त्याला शब्द सुचत नव्हते. “मॅडम, सोलापूरहून फोनवर फोन येतायत! एवढे फोन आम्हाला कुठल्याच शहरातून आले नाहीत!” मी मल्लेशना ऐकू जाईल अशा आवाजात “असं का?” म्हटलं. त्यानंतरच्या दिवशी पुन्हा फोन आला तेव्हा त्याचा गोडवा कमी झाला होता.

“मॅडम, हे लोक फिल्टरचं काही विचारत नाहीत.”

“मग?”

“विचारतात, आमच्याकडं कवा सोडनार? एक बाई आमच्या मुलीवर ओरडल्या की कालपासून सांगतेय, वरच्या मजल्यावर प्रेशर नाही. एका काकांनी व्हॉल्व्हपर्यंत कसं यायचं याचा पत्ता दिला, मारुतीच्या देवळापासून उजवीकडे. मॅडम, चावी म्हणजे काय?”

त्यात लोकांची काही चूक नव्हती, हे मी आजही सांगेन. पाण्याच्या ब्लॉगवर, पाण्याच्या ओळीला लागून, चोवीस तास पाणी म्हणून लिहिलेलं, खाली नंबर. सोलापूरचा माणूस दुसरं काय समजणार? पुण्याचा माणूस फिल्टर समजला असता, कारण त्याच्याकडे गाळायला पाणी असतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत ठरून गेलं होतं की खाजगी कंपनी येतेय आणि ती ऋतुजाने, म्हणजे मी, आणलीय. मग सल्ल्यांना ऊत आला. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी खाजगीकरणाच्या विरोधात निवेदन लिहायला घेतलं, आणि त्याच वेळी आपलं कनेक्शन पहिलं लागावं म्हणून मला बाजूला घेऊन सांगितलं. समोरच्या आजोबांना मीटर जिन्याखाली हवं होतं. एका ताईंना मुलाला कंपनीत चिकटवायचं होतं. शेजारच्या वकिलीणबाईंनी तर कमाल केली. त्यांनी अंगणातलं पाणी साठवायचं निळं पिंप रिकामं केलं, त्यात माती भरली आणि मोगरा लावला.

इथे तुम्ही विचाराल, की बाई, तू तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगणार होते! पण लोक घरी येत होते. कुणी नारळ घेऊन आलं, कुणी शेंगाचटणीचा डबा घेऊन. मास्तर म्हणाले, “ऋतुजाताई, जे आजवर कुणाला जमलं नाही ते तुम्ही केलंत.” आणि मल्लेश तिथेच सोफ्यावर बसलेले होते. अशा वेळी ‘छे हो, ती फिल्टरची जाहिरात होती’ हे वाक्य तोंडातून फुटायला फार मोठं मन लागतं. मी आपलं “बघू, बघू” म्हणत राहिले. “बघू” या शब्दात खोटं काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. ‘चोवीस तास पाणी! अथक पाठपुराव्याला यश!’ मधोमध बसूअण्णांचा हात जोडलेला, गॉगल घातलेला फोटो. बसूअण्णा आमच्या भागातले भावी नगरसेवक. भावी हे त्यांचं कायमचं पद आहे. खाली डाव्या कोपऱ्यात, एका पोस्टाच्या तिकिटाएवढी, ‘सहकार्य: सौ. ऋतुजाताई’ म्हणून मी. तो फोटो माझ्या आधार कार्डावरचा होता. आधार कार्डावर मी कशी दिसते हे फक्त मला, सरकारला आणि नवऱ्याला माहीत आहे.

मी तडक दुकानात गेले. “तुम्ही छापलात हा?”

“गिऱ्हाईक आलं, छापला,” मल्लेश शांतपणे म्हणाले.

“खोटं आहे हे माहीत असून?”

“माझ्याकडे इतके भावी नगरसेवक छापून गेले, मी कुणाला विचारत बसलो नाही. फोटो त्याचा, पैसे त्याचे, खोटं त्याचं. तुझा फोटो मात्र मी फुकटात घातला.”

मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणजे दुपारी.

शनिवारी सकाळी लालबी आपा आल्या. हातात मेंदीचे कोन, चेहऱ्यावर असं हसू की बघून मलाही हसू आलं. म्हणाल्या, “ऋतुजा, तेरा लई उपकार है गे. वो टँकरवाला भाव वाढव वाढव करत होता. कल मैं उसको नक्को बोल दी.”

“नक्को म्हणजे?”

“नक्को म्हणजे नक्को! म्हटलं, ठेव तुझा टँकर तुझ्यापाशी, आमच्या ऋतुजाने चोवीस तासाचं पाणी आणलंय. तो गेला अक्कलकोट रोडला दुसऱ्या लग्नात.” आणि मग अगदी सहज, “नळ दुपारपासून चालू होईल ना? बावर्ची विचारतोय.”

बाहेर मांडवाच्या बांबूंवर कापड ताणत होते. देग येऊन पडले होते, उलटे, एकावर एक. तांदळाची पोती आली होती. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “आलेच हं, आपा.” आणि चप्पल पायात सरकवून मी चक्क पळाले.

माहीत होते तेवढ्या सगळ्या टँकरवाल्यांना फोन लावले. एक म्हणाला सोमवारी बघू. एक म्हणाला करमाळ्याला आहे. एकाने माझा आवाज ओळखला आणि उलट मलाच विचारलं, “बाई, तुमचं चोवीस तासाचं सुरू झालं की आमी पोटाला काय करायचं?” शेवटी लाज गुंडाळून बसूअण्णांकडे गेले. ते फ्लेक्सखालीच उभे होते, स्वतःकडे बघत.

“वहिनी, सोपं आहे की,” ते म्हणाले. “कोंडीबाला चहापाणी द्यायचं. थोडा वेळ आपल्याकडं पाणी वळवलं की टाक्या फुल्ल. शिवाय लोकांना वाटणार, चोवीस तासाचं सुरू झालं. आपल्या दोघांची इज्जत राहतीय.”

मला ते पटलं, यात मी काही लपवत नाही. कोंडीबा मागच्या वस्तीच्या तोंडाशी खड्ड्यापाशी बसले होते. मागची वस्ती म्हणजे आमच्या गल्लीच्या पाठीला, चढावर वसलेली पत्र्याची घरं. त्यांची आज पाळी होती.

मी सगळं सांगितलं. कोंडीबांनी डोकं खाजवलं. “लगीन हाय म्हनताय तर वळवतो की ताई. तुमी कवा काय मागितलं न्हाय. पैशेबी नकोत. ह्यांची चावी निम्मी करतो, बाकीचं तुमच्याकडं.”

“मग यांना?”

“येईल की थोडं. वरच्या घरांना न्हाय चढनार.”

“त्यांना कळेल?”

“कशानं कळंल? प्रेशर न्हाय म्हनून गप बसत्याल. तुमी ब्लॉगवर टाकलं न्हाय म्हंजे झालं.”

मी चढाकडे बघितलं. वरच्या घरांपासून खालपर्यंत नळापाशी घागरी, डबे, बादल्या मांडून बायका बसल्या होत्या. सकाळी मीच लिहिलं होतं, ‘मागच्या वस्तीत आज दुपारी’. त्या वाचून बसल्या होत्या. एकीच्या हातात फोन होता आणि ती दुसरीला वाचून दाखवत होती. ज्या घरांना मी आता पाणी मिळू देणार नव्हते, त्यांना मीच तिथे आणून बसवलं होतं, आणि त्यांना ते कळणारही नव्हतं. मला स्वतःची किळस आली. लिंक टाकताना ताबीशही हेच म्हणाला होता, फक्त लिहायचं नाही.

“नको, कोंडीबा,” मी म्हटलं. “त्यांचं त्यांना पुरतं सोडा.”

“मग लगीन?”

“माझं मी बघते.”

काय बघणार होते, देव जाणे. घरी न जाता सरळ आपांच्या दारात गेले. त्या एका पालथ्या देगावर बसून लसूण सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की पाणी येणार नाही, ती फिल्टरची जाहिरात होती, तिचे मी पैसे घेतले होते, आणि लोक चुकीचं समजतायत हे कळूनही मी गप्प बसले.

आपांचे हात थांबले. मग म्हणाल्या, “मैं क्या वो कंपनी का नाम देखके टँकर छोडी? मला ती कंपनी माहीत पन न्हाय. तुझं नाव होतं म्हणून सोडला.”

“हो, आपा.”

“माझ्या पोरीचं लग्न आहे, ऋतुजा.” त्यांचा आवाज फुटला. “दारात वऱ्हाड आलं तर हात धुवायला काय देऊ मी?”

मला रडू आवरेना. आतून आयत मेंदीचे हात उंच धरून बाहेर आली आणि आम्हा दोघींकडे बघत राहिली. ती मुलगी मला एक शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तिथेच मांडवाच्या बांबूला टेकून मी ब्लॉग उघडला. आधी ताबीशचं वाक्य पुसलं. मग लिहिलं: ‘निर्झराबद्दलचं वाक्य मी पैसे घेऊन टाकलं होतं. ते माझं मत नव्हतं आणि ती पाण्याची योजनाही नाही, फिल्टरची जाहिरात आहे. हे मी लपवलं. चोवीस तास पाणी येणार नाही. माझ्या भरवशावर लालबी आपांनी टँकर सोडला आणि उद्या त्यांच्या आयतचं लग्न आहे. तुमच्याकडे साठवलेल्या पाण्यातून जमेल तेवढं त्यांच्या मांडवात आणून द्या. त्यामुळे तुम्हाला पुढच्या पाळीपर्यंत कमी पडेल, हे मला माहीत आहे. तरी मागतेय. — ऋतुजा.’

लगेच ताबीशचा फोन आला. त्यांच्याकडे लिंक निघाली की दिवा लागतो की काय कोण जाणे. मी म्हटलं, पैसे आत्ता परत पाठवते. तो म्हणाला, “पैसे राहू द्या मॅडम, लिंक राहू द्या. फक्त आम्ही व्हॉल्व्ह उघडत नाही एवढं खाली लिहा.”

“लिंक ठेवते. पण वर ‘ही जाहिरात आहे, हिचे पैसे मिळाले आहेत’ असं लिहीन.”

“मग तिचा उपयोग काय, मॅडम?”

“तेच मला आज कळलं,” असं म्हणून मी फोन ठेवला आणि पैसे पाठवून दिले.

आणि मग वाट बघणं आलं. गल्लीत सगळ्यांचे फोन वाजले होते, खिडक्यांतून डोकी बाहेर येऊन आत गेली होती, पण दार कुणी उघडत नव्हतं. मनात आलं, का उघडतील? साठवलेलं पाणी देणं म्हणजे सोलापुरात स्वतःच्या अंगावरचं काढून देणं. आता मी उद्या ‘पाणी येणार’ म्हणून लिहिलं तरी कोण बादली लावेल?

पहिलं दार आमचंच उघडलं. सासूबाई कमरेवर घागर घेऊन आल्या. ही बाई स्वतःच्या बहिणीलाही पाणी मोजून देते. माझ्याकडे न बघता त्यांनी घागर मांडवातल्या पिंपात ओतली. “बुद्धी इल्ला,” एवढंच म्हणाल्या, म्हणजे हिला अक्कल नाही, आणि दुसरी घागर आणायला गेल्या. मागोमाग मल्लेश दोन बादल्या घेऊन. मग मास्तर आले, एक कळशी आणि तिच्याहून मोठं भाषण घेऊन. वकिलीणबाई आल्या त्या ओशाळलेल्या, हातात पिण्याच्या पाण्याचा जार. म्हणाल्या, “पिंपात मोगरा आहे गं, हाच आहे.” समोरच्या आजोबांनी जिन्यावरून नळी सोडली. बसूअण्णा मात्र चौकात शिडी लावून फ्लेक्स उतरवून घेत होते.

तरी बावर्ची पिंपात डोकावून म्हणाला, “भाभी, इत्ते में दालचा होईंगा, खाना नहीं होईंगा.” आपांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी खडखडाट झाला. मागच्या वस्तीतून हातगाडा येत होता, त्यावर काठोकाठ भरलेली पिंपं हिंदकळत होती, आणि मागे डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग. दुपारी त्यांच्याकडे पाणी पुरेपूर आलं होतं, अगदी वरच्या घरांपर्यंत. त्या सरळ मांडवात शिरल्या आणि ओतायला लागल्या. त्यातल्या एकीलाही मी ओळखत नव्हते. आपा धावत आत गेल्या, पांढरं फडकं घेऊन आल्या आणि ते माझ्या अंगावर टाकत म्हणाल्या, “खडी क्या है? गाळून घे आधी, रडायचं मागनं.” मी फडकं पिंपाच्या तोंडावर धरलं. दुसरं टोक आपांनी धरलं.

हातगाड्याच्या पुढे असलेली बाई पदराने तोंड पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिला सगळे बजाबाई म्हणत होते.

“पानीवाल्या बाई तुमीच व्हय?”

“हो.”

“पैशे घेतले व्हते म्हनं तुमी.”

“घेतले होते,” मी म्हटलं. “परत केले.”

“वाचलं की.” तिने हंडा रिकामा केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत पालथा धरला आणि कमरेवर घेतला. “बरं, आमच्याकडं आता पुढचं कवा?”

“बुधवारी,” मी म्हटलं. “दुपारी.”

बजाबाईने कुणाकडे बघितलं नाही, पुन्हा विचारलंही नाही. ती मागच्या पोरीकडे वळली आणि म्हणाली, “ऐकलंस का गं? बुधवारी दुपारी कामावर येनार न्हाय म्हनून आत्ताच सांगून ठेव.”